गंगावन ते एक्स्टेन्शन : लावावे की लावू नये?

बडोद्याच्या एका मराठी घरात धाकट्या मुलाचे लग्न ठरले. मुहूर्त माघातला. घरात साड्या, पत्रिका आणि आहेराच्या याद्यांची धांदल उडालेली. थोरल्या सूनबाईंच्या मनात मात्र वेगळीच धास्ती होती. भाद्रपदात त्यांना डेंग्यू झाला होता. ताप गेला, अशक्तपणाही हळूहळू भरून आला आणि दिवाळी सरल्यावर अचानक केस गळू लागले. न्हाणीघराच्या जाळीवर पुंजका, उशीवर पुंजका. शाळेत फळ्याकडे तोंड करून लिहिताना पाठीवर चिकटलेले केस मुली मोजत असतील, असा संशय येई. ज्या शेपट्याला रबराचे दोन वेढे पुरत, त्याला आता चार द्यावे लागत.

मुहूर्ताला तीन आठवडे उरले तेव्हा त्या पार्लरमध्ये गेल्या. तिथल्या मुलीने केस वर उचलून पाहिले, जीभ टाळ्याला लावून 'च्' केले आणि म्हणाली, ''मॅडम, एक्स्टेन्शन करून टाका. तीन तासांत कमरेपर्यंत केस. मग चार महिने बघायला नको.'' तिने सांगितलेला आकडा बाईंच्या महिन्याच्या पगारापेक्षा थोडाच कमी होता. अर्धी रक्कम आगाऊ भरली तर सवलतही मिळणार होती. ''उद्या सांगते,'' म्हणून बाई घरी आल्या.

असे 'उद्या सांगते' म्हणून घरी येणे हे या बाबतीतले पहिले शहाणपणाचे पाऊल. कारण ही वस्तू आवडली नाही तर परत करता येण्यासारखी नाही. ती डोक्याला चिकटवलेली असते.

गंगावन आपल्याला नवे नाही

एक्स्टेन्शन हा शब्द नवा असला तरी उसने केस जोडण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आजीच्या काळात घरोघरी गंगावन असे. विंचरताना निघालेले गुंतवळ फेकायचे नाही, गुंडाळी करून कोनाड्यात किंवा डब्यात ठेवायचे. पुरेसे साठले की ते विंचरून, धुऊन त्याचे गंगावन करून घ्यायचे. वेणी घालताना ते पेडांत गुंफले की शेपटा लांब आणि भरदार दिसे. रात्री सोडून खुंटीला टांगायचे. मुळांवर ताण आला तरी दिवसभरापुरताच, आणि वेणी सैल असेल तर तोही नाही. आजच्या महागड्या प्रकारांपुढे हे साधे गंगावन हसण्यावारी नेण्याजोगे नाही, हे पुढे लक्षात येईलच.

गुंतवळ देऊन भांडी, पिना नाहीतर मुलांसाठी फुगे घ्यायचे, हा व्यवहारही अनेकांच्या आठवणीतला आहे. दारावर येणाऱ्या बायका ते केस नेत आणि आजही नेतात. हे केस पुढे पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद किंवा कर्नाटकातील कोप्पळजवळचे भाग्यनगर अशा ठिकाणी पोहोचतात. तिथे ते हातांनी सोडवले जातात, लांबीप्रमाणे वेगळे केले जातात आणि बराचसा माल परदेशी जातो. दुसरा मोठा ओघ तिरुमलाचा. नवस फेडताना भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते. कच्चे केस चोरट्या मार्गाने बाहेर जाऊ लागल्याची इथल्या व्यावसायिकांची ओरड होती आणि 2022 च्या जानेवारीत केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले.

ही माहिती केवळ गंमत म्हणून नाही, खरेदी करतानाही तिचा उपयोग होतो. केसाला माशासारखे बारीक खवले असतात आणि ते मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले असतात. एका डोक्यावरून एकदम कापलेल्या केसांची मुळे एकीकडे, शेंडे एकीकडे राहतात. दुकानदार यांना 'रेमी' म्हणतात. गुंतवळातल्या केसांची तोंडे मात्र उलटसुलट झालेली असतात. उलटे खवले एकमेकांत अडकून गुंता होऊ नये म्हणून ते तेजाबात घालून खरवडून काढतात आणि वरून सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात असे केस रेशमासारखे चमकतात. चार-सहा वेळा धुतले की मुलामा उतरतो आणि काथ्या उरतो. म्हणून चमक पाहून भुलू नये. एक बट चिमटीत धरून शेंड्याकडून मुळाकडे बोटे फिरवावीत. रेमी केस असेल तर किंचित खरखरीत लागतो. दोन्हीकडून सारखाच बुळबुळीत लागला तर मुलामा आहे असे समजावे.

कृत्रिम केस म्हणजे सरळ प्लॅस्टिकचे तंतू. ते ओळखायचे तर एकच केस चिमट्यात धरून बेसिनवर जाळून पाहावा. माणसाच्या केसाला पीस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरली की राख होते. प्लॅस्टिक वितळून त्याचा कडक मणी बनतो. कृत्रिम केस स्वस्त असतात आणि एका संध्याकाळीपुरते वाईटही नाहीत, पण ते लावून गॅसच्या शेगडीपाशी, होमाजवळ किंवा औक्षणाच्या निरांजनाशी वाकू नये. वितळलेला तंतू कातडीला चिकटतो.

डोक्याला कसे जोडतात

सर्वांत सोपा प्रकार क्लिपचा. पट्टीवर शिवलेले केस आणि त्याला टिकटॉक पिनांसारख्या छोट्या क्लिपा. सकाळी लावा, रात्री काढा. आरशासमोर दोन-चार वेळा सराव केला की घरच्या घरी जमते.

दुसरा टेपचा. आपल्या केसांची पातळ बट दोन चिकट पट्ट्यांच्या मध्ये सँडविचसारखी धरतात. आपले केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे पट्टी खाली सरकते आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा जाऊन ती वर घ्यावी लागते. बारीक धातूच्या कड्यांनी दाबून बसवण्याच्या प्रकारातही तेच. तिसरा केराटिनचा. यात बटेच्या टोकाला लावलेला लेप गरम करून आपल्या केसांवर वळतात. हा तीन-चार महिने राहतो. पार्लरमधल्या मुलीने बाईंना सुचवला तो हाच. ''चार महिने बघायला नको'' हे तिचे म्हणणे मात्र अर्धेच खरे.

रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे नैसर्गिक आहे. पण जोडाच्या आत पकडलेला केस गळला तरी खाली पडू शकत नाही. तो तिथेच लोंबत राहतो आणि शेजारच्या केसांना गुंततो. रोज मुळांपाशी बोटांनी सोडवला नाही, मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर टप्प्याटप्प्याने विंचरले नाही, तर दोन महिन्यांत तिथे चक्क जट तयार होते. (जट ही कोणा देवीची इच्छा नसून न सोडवलेला गुंता असतो, हे महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन सांगतात आणि बायकांच्या माना त्या ओझ्यातून मोकळ्या करतात. शहरात तोच गुंता पैसे मोजून तयार होतो.) तीन महिन्यांनी जोड काढताना मूठभर केस हातात येतात आणि घाबरायला होते. त्यातले बरेचसे तीन महिन्यांत गळून अडकलेले असतात. सगळेच मात्र नव्हे.

आणखी एक गोष्ट पार्लरमध्ये कोणी सांगत नाही. तेल! आपल्याकडे रविवारी चोपून तेल आणि मग न्हाणे हा अनेक घरांचा नेम. तेलाने टेप सुटते आणि केराटिनचा जोडही ढिला पडतो. म्हणजे चार महिने मुळांना तेल नाही, चंपी नाही. पावसाळ्यात तर जोडांखालचे केस वाळता वाळत नाहीत. ओलसर राहिले की वास येतो, खाज सुटते. मुंबईच्या लोकलमध्ये दरवाज्याशी लोंबकळत जाणाऱ्या बाईने शेजारणीच्या बॅगेच्या साखळीत अडकलेली बट ओढली जाण्याचाही विचार करावा. एमआरआय तपासणी ठरली असेल तर धातूच्या कड्या आणि क्लिपा काढाव्याच लागतात, मग त्या कितीही पैसे मोजून लावलेल्या असोत.

ओझे किती, आणि कोणावर

पूर्ण डोक्याला साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम केस जोडतात. ऐकायला हे फार वाटत नाही, बायका तेवढ्या वजनाचा गजरा सहज माळतात. पण गजरा अख्ख्या अंबाड्यावर बसतो. इथे प्रत्येक जोड आपल्या केसांच्या एका चिमटीवर लटकतो, रात्री झोपेतसुद्धा. आपली चिमूट जाड आणि जोडलेली बट पातळ असेल तर निभावते. उलट असेल, म्हणजे आपले दहा केस आणि त्यांना टांगलेले पंचवीस, तर मुळे हळूहळू सैल होतात. कानशिलांजवळ आणि कपाळाच्या रेषेवर हे आधी दिसते. तिथे केस मागे हटू लागतात, बारीक पुटकुळ्या येतात, भांग पाडताना दुखते. या अवस्थेत ताण थांबवला तर केस पुन्हा येतात. महिनोन् महिने दुर्लक्ष केले तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग तिथे केस उगवत नाही, काही केले तरी नाही.

तेव्हा गोम अशी की, ज्यांचे केस दाट आहेत पण आखूड आहेत त्यांना एक्स्टेन्शन मानवते. हौसेने बॉयकट केला आणि महिन्याभरात पस्तावा झाला, अशांना ते ठीक, फक्त जोड झाकण्यापुरते चार-पाच इंच तरी केस वाढलेले हवेत. पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त ओढ वाटते, म्हणजे विरळ केसांच्या बायकांना, त्यांनाच ते सर्वांत कमी मानवते. हा मोठा अन्याय आहे, पण त्याला इलाज नाही.

म्हणून आधी केस विरळ का झाले हे पाहावे. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, भलतेच कडक डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी भसाभसा केस गळतात. कारण असे की, आजाराच्या धक्क्याने वाढत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीन महिन्यांनी एकदम सुटतात. कोरोनाच्या साथीनंतर 2020 आणि 2021 मध्ये घरोघरी हेच झाले. हे गळणे बहुधा आपोआप थांबते आणि सहा महिने ते वर्षभरात केस पूर्ववत होतात. कपाळाच्या रेषेजवळ तेल लावूनही न बसणारे, उभे राहणारे बारीक केस दिसू लागले तर ती चांगली खूण. ते नवे केस असतात. नेमक्या याच कोवळ्या केसांवर जोड टांगणे म्हणजे मोड आलेल्या रोपाला झोपाळा बांधण्यासारखे आहे.

रक्त कमी असणे, शरीरातील लोहाचा साठा आटणे, थायरॉइडचा बिघाड ही इतर नेहमीची कारणे. पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होणाऱ्या कित्येक बायका वर्षानुवर्षे तेले आणि शांपू बदलत राहतात, हिमोग्लोबिन मात्र तपासत नाहीत. रक्ततपासणीला जाताना बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे. त्यांच्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. भांग रुंद होत चालला असेल, रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली असेल, किंवा डोक्यात जखमा, खवडे असतील तर पार्लरच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ. कर्करोगाच्या औषधांनी गेलेले केस परत येत असतील तर त्यांना जोड लावण्याची घाई नको. तोवर हलका, मऊ अस्तराचा टोप चांगला.

घरी एक साधी परीक्षा करता येते. आदल्या दिवशी न्हालेले नसावे. पन्नास-साठ केसांची बट मुळाशी धरून हळूच पण घट्ट शेंड्यापर्यंत बोटे ओढावीत. एक-दोन केस आले तर हरकत नाही. पाच-सहाहून अधिक आले, आणि डोक्याच्या दोन-तीन ठिकाणी तसेच झाले, तर गळती चालू आहे. अशा वेळी कायमचे जोड नकोतच.

ज्यांना गोंदाची, केसांच्या डायची किंवा टिकलीची ॲलर्जी आहे त्यांनी कानामागे दोन दिवस आधी चाचणी घेतल्याशिवाय टेप लावून घेऊ नये. जोड घरी ओढून काढू नयेत, त्याचे द्रावण वेगळे असते. आणि लावण्याचा खर्च विचारताना काढण्याचा खर्चही विचारावा. तो बहुतेक वेळा वेगळा असतो आणि बहुतेक वेळा सांगितला जात नाही.

लग्नात केस दिसतात तरी किती?

मराठी लग्नात याचाही विचार करण्याजोगा आहे. मुहूर्ताच्या वेळी नऊवारी, मुंडावळ्या, खोपा किंवा अंबाडा आणि वर गजरा. लांबी सगळी आत जाते. अंबाड्याला हवा असतो तो फुगवटा, आणि तो जाळीच्या गोळ्याने किंवा गंगावनाने येतो. त्यासाठी हजारो रुपयांचे कमरेपर्यंतचे केस जोडणे म्हणजे शालू नेसून त्यावर रेनकोट घालणे. केस मोकळे सोडायचे असतात ते संध्याकाळच्या स्वागत समारंभात. चार तास. त्याला क्लिपचा संच पुरतो.

मुलगी दाखवण्याच्या वेळी गंगावन लावावे का, असा प्रश्न आयांच्या मनात असतो. लावावे. पावडर लावतो, तसेच हे. मात्र केस आजाराने किंवा चाईने गेलेले असतील तर ठरण्याआधी मुलीने ते मुलाला स्वतः सांगावे. त्यात केसांपेक्षा झाकलेली गोष्ट उघडी पडण्याची भीती जास्त छळते.

बडोद्याच्या घरात ही भीती भलत्याच ठिकाणी निघाली. रात्री जेवणे झाल्यावर सूनबाईंनी पार्लरचा आकडा सासूबाईंना सांगितला. ''आई, तुम्ही रागावू नका, पण माझे फोटो कायमचे राहणार. सगळे विचारतील, हिच्या केसांना काय झालं.''

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून आतल्या खोलीत गेल्या आणि जुन्या ट्रंकेतून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आल्या. डांबरगोळ्यांचा वास सुटला. आत हातभर लांबीचे गंगावन होते.

''अगं, माझ्या लग्नाआधी मला टायफॉइड झाला होता. निम्मे केस गेले. माझ्या आईने साठवलेल्या गुंतवळाचं हे करून आणलं. तुझ्या सासऱ्यांना बरेच दिवस माहीत नव्हतं. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून वेणी घालायची.''

''मग कळलं कसं?''

''मंगळागौरीला फुगडी घालताना सुटून पडलं,'' सासूबाई म्हणाल्या. ''सगळ्या बायका हसल्या. मी दोन दिवस जेवले नाही. आणि हे बाहेरून आले ते म्हणाले, माझ्या आईचंही आहे तसलं, त्यात रडायचं काय.''

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, ही ताकीदही मिळाली. डॉक्टरांनी भिंग लावून कपाळाची रेषा पाहिली आणि नवे केस दाखवले. तीन आठवड्यांत काही फरक दिसणार नाही, हेही स्पष्ट सांगितले.

पार्लरला सूनबाई पुन्हा गेल्या, पण अंबाडा कसा घालायचा हे ठरवायला. संध्याकाळसाठी त्यांनी चार पट्ट्यांचा क्लिपचा संच घेतला. लांबी कमरेपर्यंत न घेता आपल्या केसांपेक्षा चारच इंच जास्त घेतली, म्हणजे कोणाला एकदम खटकू नये. रंग दिवसाच्या उजेडात दुकानाबाहेर येऊन शेंड्यांशी जुळवला. पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली काळा आणि काळाभोर यांत फरक कळत नाही, घरी आल्यावर कळतो. क्लिपा लावताना कानशिलांची जागा सोडून मागच्या बाजूला, जिथे केस त्यातल्या त्यात दाट होते, तिथेच लावल्या.

सासूबाईंचे गंगावन त्यांनी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवले. इतक्या वर्षांनी केस कडक झाले होते, शेंडे तुटत होते, तरी अंबाड्याच्या आत भरायला चालले. लग्नाच्या दिवशी आतेसासूबाईंनी विचारलेच, ''अगं, आजारातनं उठलीस ना तू? अंबाडा तर केवढा!'' तेव्हा सूनबाईंनी सासूबाईंकडे पाहिले. त्या अक्षता वाटण्यात गुंतल्या होत्या. ''आईंचा आहे,'' सूनबाई म्हणाल्या, आणि आतेसासूबाईंना ते काही नीट कळले नाही.